टाकीचं झाकण

खुदाची कसम, यातलं सारं खरं हाये, तीळभर खोटं नाही! यवतमाळात जैबुनबीच्या लेकानं, साजिदनं, काचेच्या टाकीत खारं पाणी करून समुद्राच्या मासोळ्या पाळल्या होत्या. साजिद गेला, टाकीचं झाकण कोणी नीट लावेना, अन् मासोळ्या एकेक गायब होऊ लागल्या. "दादी, ह्या कुठी जातेत?" नात माहनूरनं विचारलं. "तुह्या अब्बाच्या जहाजावर, त्याले पाहाले," जैबुनबी म्हणे. तवापासून पोरगी टाकीचं झाकण उघडंच ठेवे. एकच मासोळी उरली, तवा झाडता झाडता टाकीखालच्या कपाटामागून उडून पडलेल्या, वाळलेल्या मासोळ्या निघाल्या. जैबुनबीचा झाडू थांबला. माहनूरनं त्या ओंजळीत घेतल्या, दादीच्या तोंडाकडं पाह्यलं. "अब्बाले भेटून वापस आल्या, दादी." "काय म्हणे मग तुहा अब्बा?" जैबुनबीनं कसंबसं विचारलं. "म्हणे, आता झाकण लावत जा." पोरीनं झाकण लावलं. सारं खरं हाये. जहाज तेवढं जैबुनबीनं रचलेलं. साजिद कब्रस्तानात हाये.