सत्यभामेला गाडी लागते

"ही गोळी माह्यासमोर गिळ, माय," गुलाब म्हणाली.

सत्यभामेने गोळी मुठीत धरली. "घेतो न बाई. रस्त्यानं घेतो."

"आत्ता!"

चिखल्याच्या खाणकामगारांच्या कॉलनीत बाबुलालची भाड्याची जीप दारात घुरघुरत होती. परसराम उंबऱ्यात उभा राहून सगळं पाहत होता. "एक गोळी माह्याजवळ दे," तो म्हणाला. "वाटेत लागली तिले, तं देईन."

"काही नको, बा. तुमच्या हाती दिलं का वायाच जाते."

तिने आईच्या तोंडात गोळी घातली आणि घोट खाली उतरेपर्यंत तिच्या गळ्यावरची नजर काढली नाही. काल आल्यापासून गुलाबच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती मुंबईत नर्स होती. आईच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा तिने तिथल्या मोठ्या डॉक्टरांचे पाय धरून ऑपरेशनची तारीख मिळवली. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी आईबाप तुमसरच्या बसस्टँडवरूनच परतले. दुसऱ्या वेळी तुमसरच्या अर्ध्या वाटेतच बस सोडून पायी घरी आले. दोन्ही वेळा बापाचा निरोप एकच, तुझ्या मायला गाडी लागते.

गाठ कोणासाठी थांबणार? या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, उद्याच्या तारखेला भरती करा, नाहीतर आणूच नका. गाडीत आख्खी रात्र काढण्यापेक्षा विमानाचा थोडा वेळ आई कसाही काढेल, म्हणून गुलाबने गळ्यातली साखळी मोडून तिकिटं काढली. बापाला घरी ठेवायची तिची फार इच्छा होती. पण बाईमाणसाचं ऑपरेशन, आणि नवरा सोबत नको? दवाखान्यालाही नवऱ्याची सही हवीच होती.

परसराम खाणीतला मुकादम. जमिनीखाली जिथे भलेभले गार पडत, तिथे त्याचा आवाज घुमायचा. मिशीला पीळ, धोतर पांढरंशुभ्र. कुठेही जायचं तर सायकलने. "बस म्हाताऱ्यांसाठी अस्ते," म्हणायचा. अशा गड्याच्या पदरी ही लेचीपेची बायको पडली, म्हणून सारी कॉलनी हळहळायची. हिच्यापायी बिचाऱ्याला कुठे जाता येत नाही, म्हणायची. सत्यभामा ऐकून घ्यायची. गुलाबच्या नर्सिंगच्या समारंभाला ती नागपूरला आली नाही, नातवाच्या बारशाला आली नाही. गुलाबने ते सगळं मनात धरून ठेवलं होतं.

जीपमध्ये परसराम पुढे बसला, मायलेकी मागे. मोहाडी मागे पडली आणि तो ओरडला, "थांबव! तिले कसंतरी होऊन राहिलं."

त्याने सत्यभामेचा दंड धरला आणि तिला पळसाच्या झाडामागे नेलं. गुलाब पाण्याची बाटली घेऊन उतरली.

"तू बस गाडीत!" तो तिथूनच गरजला.

ती दात खाऊन बसली. लहानपणीही हेच व्हायचं. दोघं उतरायची, ती सामान राखत बसायची. दोघं परतली तेव्हा आईचा पदर पुढून ओला होता आणि बापाचा चेहरा रागाने राखेसारखा झाला होता. तो कोणाकडे बघेना.

"काकू, गाडीत नाही केलं, लय उपकार झाले," बाबुलाल हसला.

सत्यभामाही हसली. गुलाबला तिच्या त्या हसण्याचाही संताप आला. गोळी पोटात असून ही रड! भंडाऱ्याच्या पुढे जीप पुन्हा थांबली. पुन्हा झाड, पुन्हा ओला पदर.

नागपूरच्या विमानतळावर गुलाबने पंखाजवळच्या दोन जागा मागून घेतल्या. तिथे झोके कमी लागतात, हे तिने विचारून ठेवलं होतं. तिसरी जागा पार शेपटीकडे मिळाली.

"ती माह्याजवळ बसंल," विमानात चढल्यावर परसराम म्हणाला.

"जनमभर तुमच्याजवळच बसली न, बा? काय भेटलं तिले? बोलणे! तुम्ही मागं जा."

"गुलाब, तुले समजत नाही..."

"मले सगळं समजते. जा तुम्ही."

लोक बघू लागले. परसरामने बायकोकडे पाहिलं. "सत्यभामा," तो म्हणाला. बापाने आईला चारचौघांत नावाने हाक मारलेली गुलाबने कधी ऐकली नव्हती.

सत्यभामेने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचा हात पदराखाली छातीपाशी गेला. मग ती खिडकीशी बसली. परसराम मागे गेला.

विमान वर चढलं आणि ढगांत हेलकावे खाऊ लागलं. गुलाबने आईचं डोकं खुर्चीला टेकवलं, लिंबू हातात दिलं. "खाली पाहू नको. दूर पाह्य." समोरच्या खिशातली कागदी पिशवी उघडून तिने आईच्या हनुवटीखाली धरली. मागे कोणीतरी भडभडा ओकायला लागलं होतं, हवाईसुंदरी धावली. गुलाबने वळून पाहिलं नाही. तिचा बांध फुटला होता.

"दोन तारखा गेल्या, माय! दोन! ती गाठ केवढी झाली, मालूम हाये तुले? थोडंसं सोसाले काय झालं होतं? उलटीच्या लाजंपायी जीव देऊन राहिली का तू?"

सत्यभामा खिडकीबाहेर बघत होती. खाली शेतं हातरुमालांएवढी झाली होती. विमानात वाटलेली लिमलेटची गोळी तिच्या तोंडात होती, आणि दुसरीचा कागद ती सोडत होती.

तिने हनुवटीखालची पिशवी काढली, नीट घडी केली आणि लेकीच्या हातात दिली.

"मागं नेऊन दे," ती म्हणाली. "तुह्या बापाले."