नन्नाकाकांची खुर्ची

"विहीर माझी, अंगण माझं. नाही म्हणजे नाही," नन्नाकाका म्हणाले आणि जाड पितळी चावी मुठीत मिटली.

समोरचा तरुण घाम पुसत जागेवर जाऊन बसला. पाऊसमान, भूजल, पुनर्भरण, सगळं त्याने घडाघडा सांगून पाहिलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दगडाला पाझर फुटेल, काकांना नाही." वर्ग हसला. काकाही मिशीत हसले.

तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिराचा शेवटचा दिवस होता. 'शाश्वत विकास आणि लोकसहभाग' असं शिबिराचं भारदस्त नाव. शेवटच्या दिवशी लुटुपुटीची सभा भरायची. गल्लीत पाण्याची बोंब आहे आणि एका हट्टी म्हाताऱ्याच्या अंगणात कुलूपबंद विहीर आहे, अशी गोष्ट. म्हाताऱ्याला नुसतं बोलून राजी करायचं. तो खुर्चीतून उठून ज्याच्या हातात चावी देईल, तो जिंकला.

म्हाताऱ्याचं काम पहिल्या वर्षापासून काकांकडेच होतं. तेव्हा ते म्हातारे नव्हते, एवढंच. इतक्या वर्षांत त्यांना खुर्चीतून कुणी उठवलं नव्हतं. नन्नाचा पाढा म्हणता म्हणता त्यांचं नावच नन्नाकाका पडलं.

शिबिर सुरू केलं काकूंनी. खेळही त्यांनीच रचला. "मला कुठला अभिनय येतोय?" काका तेव्हा म्हणाले होते.

"करायचाच नाही," काकू म्हणाल्या होत्या. "घरी बोलता तसंच बोलायचं."

काकांना ते दिवस आठवले. फरशीवर खडूने काढलेला गल्लीचा नकाशा. मधल्या सुट्टीतला चहा, नेहमी थोडा कमीच पडणारा. सभा चालू असताना काकू मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. बोलणाऱ्या पोरांकडे त्या कधी बघत नसत; बघायच्या काकांकडे. सभा संपली की पदर झटकून म्हणायच्या, "ठीक आहे. पुढच्या वर्षी."

शाश्वत म्हणजे काय, असं एकदा एका मुलीने विचारलं होतं. "आपण गेल्यावर जे उरतं ते," काकू म्हणाल्या. त्या गेल्या. भिंतीवर त्यांच्या टेकण्याचा तेलकट डाग मात्र होता. नव्या रंगाखालूनही तो वर आला होता.

"काका, पुढच्या वर्षीपासून तुम्हाला त्रास नाही," नव्या संचालिकाबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. "हा भाग आता संगणकावर घेऊ."

"बरं," काका म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार?

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. भांड्यांचा खणखणाट झाला. संचालिकाबाईंनी खिडकी लावून घेतली. "शेवटचं कोण? मौनी?"

मौनी उठली. शिबिरभर ही मुलगी तोंडातून ब्र काढत नव्हती, म्हणून तिला हे नाव मिळालं होतं. आज बोलली नाहीस तर वस्तीत कामाला पाठवणार नाही, असं बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. ती काकांसमोर आली आणि उभीच राहिली.

"अगं, बोल काहीतरी," बाई म्हणाल्या.

"पाणी कसं आहे काका, विहिरीचं?"

"नितळ. तळ दिसतो."

"मग द्यायला काय हरकत आहे?"

"नळ आले तेव्हा याच गल्लीने तिची कचराकुंडी केली. आता नळ आटले आणि विहीर आठवली. नाही म्हणजे नाही." हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मागून दोघांनी ते काकांबरोबरच म्हटलं.

मौनी मात्र हसली नाही. तिने चष्मा वर सरकवला. "कचरा टाकला होता. आणि आता तळ दिसतो. मग गाळ कुणी काढला?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"वडिलांनी," ते म्हणाले. "एकट्यांनी. उन्हाळाभर घमेली उपसत होते."

"कुणी आलं नाही मदतीला?"

"खिडकीतून बघायचे. म्हातारबुवांना नाद लागलाय म्हणायचे. त्यानंतर वडील अंथरुणाला खिळले ते उठले नाहीत."

संचालिकाबाई हातातले कागद चाळू लागल्या. हे त्यात कुठेच नव्हतं.

मौनी काकांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. "आमचं चुकलं काका," ती म्हणाली. "तेव्हाच यायला हवं होतं. आता नुसतं पाणी मागायला आलो तर तुम्ही नाहीच म्हणणार. मीही नाहीच म्हटलं असतं. विहीर राहू दे. आधी वडिलांबद्दल सांगा."

काकांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवत उभा राहिला. मौनीच्या तळहातावर चावी होती. संचालिकाबाई म्हणाल्या, "काका, काय काम केलंत! अंगावर काटा आला."

चहा झाला, पांगापांग झाली. काका दाराशी चपला शोधत होते तेव्हा मौनी धावत आली.

"काका, तुमची चावी राहिली. खेळाच्या सामानाच्या पेटीत ठेवू ना?"

"नको, तुझ्याकडेच असू दे," काका चपलेत पाय सरकवत म्हणाले. "सकाळी सगळ्यांना घेऊन ये. टँकर थांबतो ना, त्याच्या समोरचं घर, मागचं अंगण. कुलूप जुनं आहे, चावी जराशी वर उचलून फिरव."