आवाज नंतर भरू

१९८५ सालचा पोलीस-अहवाल सांगतो, की भयपटातील नायिकेची, म्हणजे स्वतःच्या पत्नीची, किंकाळी अस्सल यावी म्हणून दिग्दर्शकाने खुन्याचा मुखवटा चढवला, खरा सुरा घेतला आणि वार चुकून खोल जाऊन ती जागीच मरण पावली. कलेवरील ही निष्ठा वंदनीयच. न्यायालयात कॅमेरामनने मात्र या निष्ठेची लाज राखली नाही.

“कसली किंकाळी, साहेब? एवढंसं बजेट! शूटिंग मुकंच चालायचं, आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. वहिनींची किंकाळी दुसऱ्याच बाई देणार होत्या. हे ह्यांनीच ठरवलेलं.”

तेव्हा कुठे दिग्दर्शकाची जीभ सुटली. त्याचा जबाब शब्दशः असा:

“मारायचंच होतं. मुखवटा असूनही तिनं मला ओळखलं. हसून म्हणाली, ‘अहो, जरा हळू.’”