पथ्याची उजळणी

किशोरीने कपाचं चित्र काशिराम घरतांच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे, काका?"

काशिरामांनी कपाकडे पाहिलं. कपाने काशिरामांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

स्ट्रोकला सात आठवडे झाले होते. उजवा हात चमचा धरू लागला होता. पाय पनवेलच्या त्या दोन खोल्यांत भिंतीच्या आधाराने फिरू लागले होते. तोंडातून मात्र एक शब्द निघत नव्हता, आणि निघायचा तर आता निघायला हवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

स्पीच थेरपिस्ट किशोरीचा अनुभव असा की जे पाठ असतं ते आधी परत येतं. तिने एक-दोन-तीन म्हणून पाहिलं. सोमवार-मंगळवार म्हणून पाहिलं. आरती सुरू केली, तर काशिरामांच्या बायकोनेच, सुमतीने, सूर धरला आणि दोन कडवी संपवूनच ती थांबली. काशिराम डोळे मिटून बसले होते.

"काकांना रोजचं काय पाठ असायचं, काकू?"

"पाठ काय असनार? कलंबोलीला वजनकाट्यावर होते, सगला कारभार कागदावर. पाठ मी करून घ्यायची. युरिक अॅसिड वाढलेलं ना यांचं, अकरा वर्सं झाली. जेवायला बसले की मी सुरू. पालक नको, वाल नको..."

"मटन नको," काशिराम म्हणाले.

दोघी वळल्या.

"कोलंबी नको. सुकट नको. बिअर नको. लग्नातली डाल नको." कुठेही अडखळले नाहीत.

किशोरीने टाळी वाजवली. सुमती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बिअर सुकटीच्या आधी."

"छान, पण हे पाठांतर झालं," किशोरी म्हणाली. "आता त्यांचा स्वतःचा शब्द हवा. 'नको'च्या जागी 'हवं' आलं पाहिजे. तुम्ही विचारा, काकू, पण खरोखर द्यायचं असेल तेच. उगाच विचारलेलं पेशंटला कळतं."

सुमतीचा चेहरा पडला. "मॅडम, डॉक्टर म्हनाले, युरिक जास्त असलेली मानसं स्ट्रोकमधून लवकर उठतात असं कुनीतरी शोधून काढलंय. म्हंजे मी अकरा वर्सं..."

"उलटं शोधून काढणारेही आहेत, काकू. पथ्य सोडू नका. पण चार कोळंब्यांनी काही होत नाही, डॉक्टरांशी मी बोलते."

सुमतीने खुर्ची ओढली आणि ती नवऱ्यासमोर बसली. "अवो. कोलंबी करू? खाल?"

काशिरामांची जीभ 'न'पर्यंत गेली आणि परत आली. मग त्यांनी डाव्या हाताने बायकोकडे बोट केलं.

"तू... पन... नाय."

"म्हणजे?" किशोरीने विचारलं.

"मी पन नाय खाल्ली, म्हनतात." सुमतीने मान खाली घातली. "यांनी सोडली तवा मी पन सोडली होती. त्येची आठवन हाय त्यांना."

किशोरीचे डोळे भरून आले. काशिरामांचे भरलेलेच होते. सुमती तेवढी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसली.

"अवो," ती शेवटी म्हणाली, "मी दर बुधवारी जासईला जायची ना, बहिनीकडं भजनाला?"

काशिरामांनी मान हलवली.

"तितं भजन नसतं."

सात आठवडे एका बाजूला झुकलेला काशिरामांचा चेहरा हळूहळू सरळ झाला.

"अकरा वर्सं?" ते म्हणाले. "दर बुधवारी तू कोलंबी खात होतीस?"

किशोरीने फाइल उघडून लिहिलं : पूर्ण वाक्य, प्रश्नार्थक, उच्चार स्पष्ट. थोडा विचार केला आणि खाली जोडलं : कुटुंबाचा सहभाग उत्तम.