पडताळणीचा फोन

काचेच्या केबिनमध्ये शिरण्याआधी मोबाइल ट्रेमध्ये ठेवायचा, असा नियम होता. मास्तरांनी आपला ठेवला. मग जरा घुटमळून जाकिटाच्या आतल्या खिशातून दुसरा काढला आणि तो पालथा ठेवला.

"दोन दोन, काका?" प्रयोग घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"म्हातारपणी माणूस काहीबाही बाळगतो," मास्तर म्हणाले. "चला, कुठं खोटं बोलायचंय ते सांगा. चाळीस वर्षं टायपिंग शिकवलंय, बोटं अजून ऐकतात. तोंडाचं काही सांगत नाही."

ती हसली. सकाळपासून ती जे काही बोलली होती, ते सगळं छापील सूचनांमधलंच होतं. आताही तिने तेच सांगितलं. पडद्यावर वाक्य येईल. चौकट हिरवी असेल तर खरं उत्तर, लाल असेल तर खोटं. उजवं बटण 'हो', डावं 'नाही'.

"विचार करत बसू नका. खोटं बोलताना माणसाला किंचित जास्त वेळ लागतो. आम्ही तेवढाच मोजतो."

"किंचित म्हणजे किती?"

"पापणी लवते ना, जेमतेम तेवढा."

"आमच्या हिला तेवढाही लागत नाही," म्हणून मास्तर आत गेले.

मास्तर तिसावे होते. तीस माणसं झाल्याशिवाय तिचे गाइड सर पेपर छापायला पाठवणार नव्हते, आणि मुदत उद्या संपत होती. दोन वर्षांची मेहनत या म्हाताऱ्या बोटांवर येऊन थांबली होती.

पडद्यावर वाक्यं येऊ लागली. 'मला पोहता येतं.' 'मला दोन भाऊ आहेत.' 'माझी पत्नी घरी माझी वाट बघते आहे.' मागच्या आठवड्यात मास्तरांनी भरून दिलेल्या फॉर्मवरूनच तिने ती तयार केली होती.

तिच्या स्क्रीनवर आकडे उमटत होते. पत्नीच्या वाक्याला हिरवी चौकट आली, 'हो': पाचशे दहा मिलिसेकंद. लाल चौकट, 'नाही': बाराशे चाळीस. तेच वाक्य पुन्हा पुन्हा आलं आणि दर वेळी तसंच झालं. खऱ्याला बोट तयारच असायचं, खोट्याला जागचं हलायचं नाही. इतका स्वच्छ फरक आधीच्या एकोणतिसांपैकी एकाचाही नव्हता. कुणाला तरी दाखवावं म्हणून तिने मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर रिकामी खोकी होती.

आता एकच काम उरलं होतं. फॉर्मवरची माहिती खरी आहे, याची घरच्या माणसाला फोन करून खात्री करायची. तीही माणूस आत असतानाच, म्हणजे दोघांना आपसात ठरवायला वाव राहत नाही. "पायाच खोटा असेल, तर वरचे आकडे रद्दीत घालायचे," असं सर बजावायचे.

तिने लॅबच्या फोनवरून मास्तरांच्या पत्नीचा नंबर फिरवला.

ट्रेमधला पालथा मोबाइल थरथरत सरकू लागला.

तिने तो उलटा केला. लॅबचा नंबर. तिने रिसीव्हर खाली ठेवला, थरथर थांबली. स्क्रीनवर तिच्या मिस्ड कॉलच्या खाली आधीचे होते: 'अहो' या नावाचे, एकेचाळीस.

शिपाईमामा खिडक्या लावत होते.

"मामा, मास्तरांच्या बाई..."

"माझी थोरली त्यांच्याकडेच शिकली ना टायपिंग. बाई गेल्याला झाली की दोन वर्षं. का गं?"

"काही नाही. सहज."

मामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "ते मशीन एकदा तुलाच लावायला हवं," म्हणत ते पुढच्या खिडकीकडे वळले.

तिने मोबाइल होता तसा पालथा ठेवला.

मास्तर बाहेर आले. "काय, पास की नापास?"

"एका वाक्याला फार वेळ लागला तुम्हाला."

"खरं सांगताना की खोटं?"

"खोटं."

"मग ठीक आहे." त्यांनी दोन्ही मोबाइल उचलले, एक बाहेरच्या खिशात टाकला, एक आतल्या. "निघतो. उशीर झाला की ऐकून घ्यावं लागतं."

मामाही गेले. ती फॉर्म पुढ्यात घेऊन बसून राहिली. शेवटची ओळ होती: 'पत्नीशी बोलून खात्री केली. हो / नाही.'

तासाभराने लॅबचा फोन वाजला. फोनच्या पट्टीवर तिने मघाशी फिरवलेलाच नंबर होता.

"आमच्या हिच्या मोबाइलवर तुमचा फोन येऊन गेला," पलीकडून मास्तर म्हणाले. "ती जरा आत कामात आहे. काही निरोप द्यायचाय का?"

तिने आवाज खाली आणला. "नाही, सहज केला होता. बऱ्या आहेत ना त्या?"

"मजेत." मधे पापणी लवायलाही जागा नव्हती. "सांगतो मी तिला. बरं वाटेल. हल्ली तिला कुणाचा फोन येत नाही."

फोन बंद झाला. तिने पेनचं टोपण काढलं आणि टोक 'हो'वर टेकवलं. ते किती वेळ तसंच टेकलेलं राहिलं, हे मोजायला तिथं कुणी नव्हतं.