ज्याचं नाक त्याचं तेल

आचारी वेळेआधीच दारात उभा राहिला आणि तेलवाल्या बाई धास्तावल्या.

साधासुधा आचारी असता तर त्या डगमगल्या नसत्या. पण हा मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी. झाकण न उचलता रस्सा किती शिजलाय ते सांगतो, अशी त्याची ख्याती. असल्या नाकापुढे बाईंचं बिंग फुटायला कितीसा वेळ लागणार?

बिंग असं, की चार महिन्यांपूर्वीच्या तापापासून बाईंना कसलाच वास येत नव्हता. वीस वर्षं सुगंधी तेलांच्या वासाने लोकांना शांत झोपवणाऱ्या बाई, आणि आता त्यांना गुलाब काय नि फिनेल काय, सारखंच. पोटच्या मुलीलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की दुकानाला कुलूप.

मग त्यांनी युक्ती काढली. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि त्याचा चेहरा वाचायचा. "ज्याचं नाक त्याचं तेल," असं त्या गंभीरपणे म्हणत. लोकांना वाटे, काय पद्धत आहे! गर्दी उलट वाढली. एकदा एका आजींनी नाक मुरडलं, म्हणून इस्त्रीखाली जळणारा टॉवेल वेळेवर सापडला. तेव्हापासून बाई खुशाल दुसऱ्यांच्या नाकावर जगत होत्या.

त्यांनी आचाऱ्याला आरामखुर्चीत बसवलं, खिडकी लावली, पडदा ओढला. तेलाचा दरवळ बाहेर जाता कामा नये. तेवढ्यात मागच्या खोलीत चर्र आवाज झाला. टॉवेल गरम करायला गॅसवर पाणी ठेवलं होतं.

"काही सांडलं का?" आचाऱ्याने विचारलं.

बाईंनी दारातूनच डोकावून पाहिलं. मोठं पातेलं आता मुकाट बसलं होतं. नुसता बारीक सूं आवाज येत होता.

"पाणी उतू गेलं. बसलं आपोआप. हं, तुमचा त्रास सांगा."

"झोप नाही. कामात लक्ष लागत नाही." एवढं बोलून तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

बाईंनी पहिली पट्टी दिली. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला. बाईंनी आपला रोखून धरला.

"वा! लव्हेंडर ना?" बाटलीवरच्या चिठ्ठीकडे बघत तो म्हणाला.

दुसरी बाटली बाईंनी घाईत पाठमोरी ठेवली.

"हेही... हेही छान आहे."

एवढा नाकवाला माणूस आणि बोलायला किती कंजूष, असं बाईंच्या मनात आलं. पण त्याने नाक मुरडलं नव्हतं, हे काय थोडं होतं?

शेगडीखाली दिवसभर लोळत पडणारी मांजर बाहेर आली आणि दार ओरबाडू लागली. बाईंनी दार किलकिलं करताच ती सुसाट पळाली.

"हिला आज काय झालंय कोण जाणे," म्हणत बाईंनी दार घट्ट लावून घेतलं. मग नेहमीचा प्रश्न, अगदी सहज विचारल्यासारखा: "आणि खोलीत? नाकाला काही खटकतंय का?"

"छे! अगदी प्रसन्न वाटतंय." त्याने कपाळ चोळलं. "डोकं तेवढं जड झालंय."

"म्हणजे तेल लागू पडतंय."

बाईंचंही डोकं जड झालं होतं, पण ते धास्तीने असणार. आता धास्ती सरली होती. शहरातल्या सगळ्यात तिखट नाकाने त्यांना पास केलं होतं! त्यांना हसूच आलं. त्यांनी तेलाची वाटी मेणबत्तीवर ठेवली आणि काडी ओढली. काडी सर्दावलेली निघाली. त्यांनी दुसरी घेतली.

"ताई," आचारी पुढे झुकून हळूच म्हणाला, "एक सांगू? पण बाहेर बोलू नका, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"इथलं इथेच राहतं. बोला."

"मी झोपेसाठी आलोच नाही. मला मध्यंतरी ताप आला होता. तेव्हापासून नाक पार मेलंय हो. कसलाच वास येत नाही."

ते शब्द बाईंच्या डोक्यात शिरले, तोवर त्यांचा हात दुसरी काडी ओढून मोकळा झाला होता.