चार बोटं वर

मुलगा गेला, त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याने मागवलेलं पार्सल आलं. आत गाडीच्या इंजिनातल्या टर्बोचा दाब दाखवणारा गोल मीटर होता. "गाडीला दागिने कसले घालतोस रे!" म्हणून आईने ज्यावरून डोकं खाल्लं होतं, तोच. तिचे डोळे कोरडेच राहिले. मीटर आणि त्याची गाडी घेऊन ती त्याच्या मेकॅनिककडे गेली.

नळी जोडून झाली, वायर दडवून झाली.

"काकू, आता गाडी तुम्हीच चालवणार ना? मग बसा सीटवर. चालवणाऱ्याच्या नजरेसमोर हवा." त्याने मीटर काचेशेजारच्या खांबावर धरला. "दिसतोय काटा?"

"स्वच्छ."

"मग करू पक्का?"

 

"चार बोटं वर घे," ती म्हणाली. "तो माझ्याहून उंच आहे."